तू कोणाच्या दारचा?

गुरं नुकतीच आत गेली आहेत. खुरांची धूळ अजून खाली बसायची आहे आणि तुम्ही शेराच्या दाट कुंपणातल्या एका मोकळ्या जागेसमोर उभे आहात. आत शिरायचा रस्ता हाच. इथले लोक त्याला रांगाच म्हणतात. साल १८९०, दोन वर्षं इकडे किंवा तिकडे. जागा अलेगो. उत्तरेला न्झोया नदी, दक्षिणेला याला, आणि पश्चिमेची दलदल ओलांडली की ते अफाट सरोवर, ज्याला १८५८ मध्ये एका इंग्रजाने परस्पर आपल्या राणीचं नाव देऊन टाकलं. इथे कोणाला त्याची खबर नाही. लुओ लोकांसाठी ते नाम लोल्वे आहे. केनिया नावाचा देशही अजून कोणी आखलेला नाही.

गुरांच्या वाड्याशेजारी एक छोटी झोपडी आहे. तिच्या पुढ्यात बुटक्या तिवईवर एक म्हातारा बसलाय. अशा माणसाला इथे जदुओंग म्हणतात. शब्दशः अर्थ मोठा माणूस, पण आपल्या ‘वडीलधारी’ या शब्दात जे वजन आहे ते त्यात आहे. तो तुमचं नाव विचारत नाही.

‘इन वुओद ङा?’

कोणाचा मुलगा तू? (तुम्ही बाई असाल तर प्रश्न वेगळा येतो : ‘इन न्यार कान्ये?’ कुठली लेक तू? हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

तुम्ही आपलं नाव सांगता. तो ऐकून घेतो आणि पुन्हा तेच विचारतो. तुम्ही आडनाव सांगता, गाव सांगता, पोटापाण्याला काय करता तेही सांगू पाहता. म्हातारा वाट बघतोय. मग तुमच्या ध्यानात येतं आणि तुम्ही वडिलांचं नाव घेता. मग त्यांच्या वडिलांचं. पणजोबांचं नाव तुम्हाला येतं, कारण श्राद्धाच्या संकल्पात ते ऐकलेलं असतं. पिंड तिघांना द्यायचे म्हणून आपल्याकडे तीन पिढ्या तेवढ्या टिकल्या. चौथ्या नावाला तुम्ही अडखळता. ‘बरं,’ म्हातारा म्हणतो, ‘बापाची आई कुठली? आजोबांची आई कोणत्या घरची?’

इथे तर तुम्ही पार गारद.

तो हसत नाही आणि रागावतही नाही. ज्याला आपली माणसं सांगता येत नाहीत तो वाईट असतो असं काही त्याचं म्हणणं नाही. फक्त अशा माणसाला कुठे बसवायचं ते कळत नाही. सोयरा म्हणून, भाऊबंद म्हणून, की आश्रयाला आलेला म्हणून? तुम्हाला तो तूर्त बाहेरच्या बाजूला बसवतो. खायला मिळेल. ज्वारी-नाचणीचा कुओन, म्हणजे आपल्या उकडीहून घट्ट गोळा, आणि सरोवरातला मासा. पण अंगणातली तुमची जागा अजून ठरलेली नाही.

०००

उजेड आहे तोवर अंगण नीट बघून घ्या. या लोकांजवळ लिखित इतिहास नाही असं पुढे पुष्कळ शहाणे म्हणणार आहेत. तो तुमच्या समोर उभा आहे, कुडाच्या भिंती आणि गवताची छपरं लावून.

रांगाचच्या बरोबर समोर, अंगणाच्या वरच्या टोकाला जे घर आहे ते मिकायीचं, पहिल्या बायकोचं. तिच्या एका अंगाला न्याचिराचं, म्हणजे दुसरीचं. दुसऱ्या अंगाला रेरूचं, तिसरीचं. चौथी-पाचवी असेल तर तिलाही ठरलेली बाजू आहे. खाली, प्रवेशाजवळ वयात आलेल्या मुलांच्या झोपड्या : थोरला एका बाजूला, त्याच्या पाठचा दुसऱ्या बाजूला. या सगळ्या वस्तीला म्हणतात दाला. पुढे एखाद्या मुलाला स्वतःची दाला घालायची असेल तर नुसत्या भिंती उभारून भागत नाही. बाप बरोबर हवा, थोरला मुलगा कुऱ्हाड घेऊन हवा, बायको विस्तव घेऊन, आणि एक कोंबडा. हा विधी झाला तर ती दाला. नाहीतर ते नुसतं ओत, घर. हेही लक्षात ठेवा. जवळजवळ शंभर वर्षांनी एका न्यायालयात याच दोन शब्दांवर घासाघीस होणार आहे.

आता मुलांकडे पाहा. सगळे एका बापाचे. पण कोण कोणाशी सख्खा, कोण सावत्र, कोण कोणाच्या आधी, हे बापावरून कळत नाही. ते कोणत्या घरातून कोण बाहेर येतो त्यावरून कळतं. आपल्याकडे थोरली पाती, मधली पाती, धाकटी पाती म्हणतात, तसं इथे मिकायीच्या घरचे, न्याचिराच्या घरचे. तीन-चार पिढ्या गेल्या की हीच घरं फांद्या होतात, आणखी काही पिढ्यांनी कुळं. कुळाला शब्दच मुळी धोत असा आहे. धो म्हणजे तोंड, ओत म्हणजे घर. घराचं तोंड, म्हणजे दार. कित्येक शाखांची नावं आईच्या नावावरून किंवा तिच्या माहेरावरून पडलेली असतात.

गंमत अशी की इथून शेकडो मैल उत्तरेला, नाईलच्या पाणथळ मुलखात राहणारे नुएर लोकही आपल्या कुळशाखेला झोपडीचं दारच म्हणतात. लुओ आणि नुएर दोघांच्या भाषा नाईलकाठच्या एकाच कुटुंबातल्या. लुओ पूर्वज त्याच बाजूने, आजच्या दक्षिण सुदानातून, युगांडातून उतरत इथे आले. १९३६ मध्ये इव्हान्स-प्रिचर्ड हा मानववंशशास्त्रज्ञ नुएरांमध्ये राहून झाल्यावर लुओंकडे येईल, तेव्हा हे दार त्याला ओळखीचं वाटलं असणार.

म्हणजे बापाच्या कुळाचा एवढा अभिमान असलेला हा समाज ते कूळ मोजतो मात्र बायकांच्या दारांनी.

०००

अंधार पडला. आता तुम्हाला एक सवलत. काळात मागे आलाच आहात, तर वयातही मागे या. आठ वर्षांचे व्हा आणि सिविंधेत शिरा.

सिविंधे म्हणजे एका म्हाताऱ्या बाईचं घर. अंगणातली लहान मुलं आणि लग्नाआधीच्या मुली इथे झोपतात. त्या बाईला पिम म्हणतात. ती या मुलांची सख्खी आजी असेलच असं नाही. पण एक गोष्ट जवळजवळ नक्की : ती या कुळात जन्मलेली नाही. लुओंमध्ये स्वतःच्या कुळात लग्न होत नाही, आईच्या कुळातही नाही. तेव्हा अंगणातली प्रत्येक लग्न झालेली बाई बाहेरून आलेली, आणि तिला हाकही तशीच मारतात. न्यार गेम, गेमची लेक. न्यार उगेन्या, उगेन्याची लेक. आपल्याकडे सासरी ‘कोल्हापूरवाली’ म्हणतात ना, तसं. फक्त इथे ते जन्मभर चिकटतं. आणि त्याचा उपयोग बघा. ‘न्यार उगेन्या, पाणी आण’ अशी हाक दिवसातून दहा वेळा कानावर पडली की या घरची कुठल्या मुलखाशी सोयरीक आहे आणि तुम्हाला पुढे कुठल्या घरात बायको शोधता येणार नाही, हे अंगणातल्या पोरालाही पाठ होतं. हाक मारणं हीच नोंद.

विस्तवाच्या उजेडात पिम गोष्ट सांगते. दोन भाऊ. धाकट्याने थोरल्याचा भाला घेतला आणि शेतात शिरलेल्या हत्तीला मारला. हत्ती भाल्यासकट पळाला. थोरला म्हणाला, मला दुसरा भाला नको, माझाच आण. धाकटा हत्तींच्या देशात गेला, हाल सोसून तोच भाला घेऊन आला. येताना सुंदर मणीही मिळाले. काही दिवसांनी थोरल्याच्या तान्ह्या मुलाने त्यातला एक मणी गिळला. आता धाकटा म्हणाला, दुसरा मणी नको, माझाच दे. मुलाचं पोट चिरावं लागलं. दोघे भाऊ कायमचे वेगळे झाले, एक इकडे गेला, एक तिकडे.

हीच गोष्ट युगांडातले अचोली आणि अलूरही सांगतात; अचोलींत भावांची नावं गिपिर आणि लाबोंगो असतात. इथे नावं वेगळी. नावं बदलली तरी भाला आणि मणी तसेच राहिले, आणि आपण सारे कधीतरी एकाच घरातले होतो व भांडून फुटलो, ही आठवणही राहिली. भावकीच्या भांडणाचं एवढं सच्चं चित्र मी दुसरं ऐकलेलं नाही. आपल्याकडे बांधावरून कोर्टात गेलेल्या भावांना ही गोष्ट सांगायला हरकत नाही.

मग ती कानो मुलखातल्या ल्वांडा मागेरेची गोष्ट सांगते. त्याच्या अंगात भाला शिरत नसे. शत्रूंनी, नांदी लोकांनी, आपली एक देखणी मुलगी त्याला बायको म्हणून दिली. त्याचा जीव शरीरात नाही, सावलीत आहे, हे तिने शोधून काढलं आणि माहेरी कळवलं. तो मेला आणि दगड झाला; तो दगड आजही दाखवतात. बाहेरून आलेली बायको घर बुडवू शकते, अशी ही गोष्ट. सांगणारी बाई स्वतः बाहेरून आलेली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही.

‘थू तिंदा,’ असं म्हणून ती गोष्ट संपवते. आता उजळणी. तू कोणाचा? तो कोणाचा? तुझा आजा कोणत्या दारचा? एक मुलगा दोन नावं उलटी घेतो. बाकीची पोरं हसतात, पिम त्याला पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लावते. कुळाच्या पुरुषांची नावं कुळाच्या मुलांना शिकवण्याचं काम असं परक्या कुळातली बाई करते. वर तिला आणखी चार कुळांची माहिती असते : आपल्या माहेरची, आईच्या माहेरची, बहिणी दिल्या तिथली. इतिहासकार डेव्हिड विल्यम कोहेन यांनी १९८० च्या दशकात या पिमच्या उंबऱ्यावरून लुओ समाजाकडे पाहा असं सुचवलं, तोवर बहुतेक अभ्यासक बाहेर म्हाताऱ्यांपाशीच वही घेऊन बसले होते.

०००

सकाळी पुन्हा मोठे व्हा. आज दुओलवर लोक जमतात. दुओल म्हणजे काल म्हातारा ज्या झोपडीपुढे बसला होता ती. बाप्यांची बैठक. मध्ये बिअरचं मडकं; त्यात ओसेके नावाच्या लांब नळ्या सोडलेल्या, प्रत्येक म्हाताऱ्याची एक. बैठकीत कोण कुठे बसतो आणि कोण आधी नळी तोंडाला लावतो, हेही थोरल्या-धाकट्या दारांप्रमाणे. (पुढचा प्रसंग मी जुळवला आहे, त्यातले पुरावे मात्र खरोखर असेच दिले जात.)

भांडण एका उतारावरच्या जमिनीचं आहे. एक जण म्हणतो, ती माझ्या खापरपणज्याची. दुसरा म्हणतो, तुझा खापरपणजा या कुळाचा मुलगा नव्हताच; तो ओकेवो होता, बहिणीचा मुलगा, मामाकडे आश्रयाला आला होता.

हा आरोप साधा नाही. जमीन कुळाची. मालकांबरोबर जोदाकही राहतात. जोदाक म्हणजे बाहेरून येऊन, परवानगीने वसलेले. जुन्या मराठी गावात मिरासदार आणि उपरी होते, थेट तोच फरक. भाचा मामाकडे कितीही पिढ्या राहिला तरी त्याची जमीन मागून घेतलेली.

आता तुम्हाला वाटेल, सर्वात जुना म्हातारा उठून वंशावळ म्हणेल आणि निकाल लागेल. तसं होत नाही. तो म्हणतो खरा, पण चौथ्या नावाला दुसऱ्या दारचा म्हातारा त्याला अडवतो. ‘त्याच्या आधी आणखी एक होता.’ तिसरा म्हणतो, ‘होता, पण तो रेरूच्या घरचा.’ तास जातो. कोणीही एकटा माणूस वंशावळीचा मालक नाही, हे तुमच्या हळूहळू ध्यानात येतं. प्रत्येकाजवळ तुकडा आहे, आणि प्रत्येकाचा तुकडा त्याच्या फायद्याच्या बाजूने जरा वाकलेला आहे. हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळेच कोणी कोणाला सलग बोलू देत नाही.

म्हणून मग वस्तूंना साक्षीला बोलावतात. सगळी बैठक उठून उतारावर जाते. तिथे एक गुंडा आहे. आपल्या कानाला शब्द भलताच लागतो. इथे गुंडा म्हणजे ओस पडलेल्या जुन्या दालाची जागा, आपली पांढर म्हणा. शेराचं वाढून झाड झालेलं कुंपण, राखेचा उंचवटा, खापरं, झिजलेला पाटा. आणि थडगी. लुओ माणूस आपल्या अंगणात पुरला जातो. कोण कोणत्या घराच्या कोणत्या बाजूला पुरला यावरून तो नवरा, बायको की मुलगा ते समजतं. जन्मलेल्या मुलाची वारही घराजवळच पुरतात. माणसाचं मूळ गाव म्हणजे जिथे त्याची वार पुरली ते. एका जमिनीत वारही आपली आणि हाडंही आपली, याहून मोठा दाखला नाही.

इथे एका म्हातारीला बोलावून घेतात, एका न्यारला. ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा या गुंडात माणसं राहत होती. पेरणीला पहिलं बी कोणाच्या शेतात पडायचं, असा प्रश्न तिला केला जातो. त्याचं कारण कळायला हवं. दालात पेरणी मिकायी सुरू करते, मग दुसरी, मग तिसरी. तसंच मुलांमध्ये थोरल्याआधी धाकटा नाही. पेरणी, कापणी, घर शाकारणं, लग्न, सगळं या क्रमाने. क्रम मोडला तर चिरा लागतो, माणूस झिजत जातो, अशी पक्की समजूत. म्हणजे वंशावळ तोंडाने म्हणायची वेळ वर्षातून चारदा येत असेल, पण हातापायांनी ती दर हंगामात म्हटली जाते. म्हातारी सांगते : या घरचे लोक त्या घराची पेरणी होईपर्यंत बियाणं घेऊन थांबलेले मी पाहिलेत. म्हणजे ते धाकटे, पण क्रमातले. कोणी म्हणतो, बैल कापला की यांच्या वाट्याला कुठलं मांस यायचं तेही सांगा. ती तेही सांगते.

मग भाचेपणाचा आरोप करणारा प्रतिपक्ष काहीच बोलत नाही. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहतात. दुओलवर परतल्यावर तो नळी तोंडाला लावतो.

ठरलं. ज्याला खोटं ठरवण्यात फायदा आहे असा माणूस सर्वांदेखत गप्प बसला, की त्या दिवसापासून ते खरं. आपल्याकडच्या गोतसभेत महजर होई तेव्हा शिक्के आणि सह्या पडत. इथे ती शांतताच शिक्का आहे.

हा शिक्का नेहमी सत्यावर पडतो असं मी म्हणणार नाही. वंशावळीतली वरची नावं पक्की असतात : रामोगी अज्वांग, ज्याच्या नावाची टेकडी सरोवराजवळ यिंबोत आहे, आणि त्याच्यानंतरचे कुळांचे मूळपुरुष. खालची चार-पाच नावंही पक्की, कारण त्या माणसांना पाहिलेलं कोणीतरी जिवंत असतं. मधली मात्र सैल. ज्या पूर्वजाच्या नावावर कसला वाद उरला नाही, कुठली फांदी फुटली नाही, तो गळतो. जो भाचा पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडला, लढाईत मेला, ज्याचे वंशज संख्येने वाढले, त्याला एक दिवस कोणी भाचा म्हणायचं सोडून देतं. उपऱ्यांचे मिरासदार असे होतात, न बोलता. १८ व्या शतकात सरोवराच्या पलीकडून आलेले सुबा लोक रुसिंगा आणि म्फांगानो बेटांवर उतरले, पुढे बहुतेक लुओ भाषाच बोलू लागले. विस्मृती हा या व्यवस्थेतला दोष नव्हे. तिच्यावाचून एवढी माणसं एका अंगणात मावली नसती.

०००

आता भराभर चला. २० डिसेंबर १९०१. सरोवराच्या काठी रेल्वे पोचली. रूळ टाकणारे हजारो मजूर हिंदुस्थानातून आणलेले. १९२० पर्यंत इथे चलन म्हणून हिंदुस्थानी रुपयाच चालला. सरकारने कर बसवला तो माणशी नव्हे, झोपडीमागे. तीन बायकांची तीन दारं, तीन पट्ट्या. इंग्रजांनीही लुओंची मोजदाद दारांनीच सुरू केली, अर्थात वेगळ्या हेतूने.

१९३८. काराचुओन्यो मुलखाचे प्रमुख पॉल म्बोया यांनी लुओ रीतिरिवाजांचं पुस्तक धोलुओ या लुओंच्या भाषेतच छापलं. दुओलवर ऐकायच्या गोष्टी आता शाळेत शिकलेला मुलगा एकटा बसून वाचू लागला. अडवणारं कोणी नाही.

१९६० च्या आसपास थोडं थांबा. गेमचा एक तिशीतला माणूस वही घेऊन दाला-दालांतून हिंडतोय. हे बेथवेल अ‍ॅलन ओगोट, जन्म १९२९. लंडन विद्यापीठात त्यांना लुओंच्या इतिहासावर प्रबंध लिहायचा आहे आणि साधनं म्हणून दाखवायला कागद नाहीत. आहेत ती म्हाताऱ्यांची तोंडं. १९६३ मध्ये ऑक्सफर्डचे ह्यू ट्रेव्हर-रोपर जाहीरपणे सांगणार आहेत की आफ्रिकेत इतिहास आहे तो युरोपीयांचा, बाकी अंधार. ओगोट तोवर कामाला लागलेले होते. बेल्जियन इतिहासकार यान व्हान्सिना यांनी मौखिक परंपरा तपासायची पद्धत १९६१ मध्ये पुस्तकात मांडली; पण ओगोट यांना शेजाऱ्याने शेजाऱ्याची वंशावळ कशी अडवायची हे घरच्या अंगणातून ठाऊक होतं, असं मला वाटतं. एका कुळाची यादी एकटी फार काही सांगत नाही. ती शत्रुकुळाच्या यादीला जिथे छेदते, एखाद्या लढाईत, एखाद्या लग्नात, तिथे गाठ बसते. अशा गाठींवरून त्यांनी स्थलांतराचे ओघ वेगळे केले : जोका-जोक, जोका-ओविन्य, जोका-ओमोलो, आणि सुबांसारखे मागून मिसळलेले. त्यांचा ‘हिस्टरी ऑफ द सदर्न लुओ’ १९६७ मध्ये आला. त्याच्या शीर्षकातच काळ दिला आहे, १५०० ते १९००. म्हाताऱ्यांच्या बोलण्याला सनावळी लागली. ओगोट २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या ९५ व्या वर्षी वारले.

सनावळीबरोबर नकाशेही आले. १९६८ च्या कायद्याने जमिनीची मोजणी आणि नोंदणी जोरात सुरू झाली, आणि मालक की जोदाक हे एकदाच, शाईने, कायमचं लिहायचं ठरलं. विसरायची सोय संपली. भांडणं वाढली यात नवल नाही.

अलेगोतल्या न्यांगोमा कोगेलोत एक चक्कर टाकता येईल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून आलेल्या एका तरुणापुढे त्याची आजी पूर्वजांची नावं क्रमाने म्हणते, सावत्र बहीण भाषांतर करते. त्या यादीत ओविन्य आहे, ओगोट यांच्या ओघांतला. तो तरुण, बराक ओबामा, ही यादी १९९५ मध्ये आपल्या पुस्तकात छापतो. आजी सारा ही त्याच्या आजोबांची तिसरी बायको. रक्ताने ती त्याची कोणी नाही. बापाचं कूळ पुन्हा बाहेरून आलेल्या बाईच्या तोंडून आलं. वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या हे लक्षात आलं असेल.

०००

शेवटचा मुक्काम नैरोबी, उच्च न्यायालय, १९८७ ची सुरुवात. बाहेर रस्ता गर्दीने अडलाय. आत बसायला जागा नाही. भिंतीला टेकून उभे राहा.

नैरोबीतले नामवंत लुओ वकील सिल्वानस मेलेआ ओटिएनो २० डिसेंबर १९८६ रोजी वारले. त्यांची पत्नी वांबुई वैयाकी किकुयू समाजातली, इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ लढ्यात भाग घेतलेली, एका प्रतिष्ठित घराण्यातली. नवऱ्याला नैरोबीजवळ न्गोंगच्या बाजूला, त्यांच्या स्वतःच्या जमिनीत पुरायचं, असं तिचं म्हणणं. ओटिएनोंचं कूळ उमिरा कागेर म्हणतं, नाही. सियायातल्या न्यालगुंगाला, वडिलांच्या मातीत. प्रेत शवागारात आहे.

१८९० च्या दुओलवर जे ऐकलंत तेच शब्द आता टाय लावलेल्या वकिलांच्या तोंडी येतात. साक्षीदारांत एक थडगी खणणारा आहे, आणि नैरोबी विद्यापीठातले तत्त्वज्ञ ओडेरा ओरुका आहेत, ज्यांनी खेड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या विचारांनाच तत्त्वज्ञान म्हणून मांडलं. कुळाची बाजू अशी : शहरात माणसाचं ओत असू शकतं, दाला नव्हे. बापाविना, विधीविना दाला होत नाही. पत्नीची बाजू : हे गृहस्थ ख्रिस्ती, शहरी, इंग्रजी वाचणारे, त्यांचं घर ते ठरवतील.

ऐकताना एक फरक तुम्हाला जाणवेल. दुओलवर प्रत्येक म्हातारा दुसऱ्याला अडवत होता. इथे न्यायाधीश विचारतात, लुओंची रूढी काय? आणि उत्तर एकच, ठाम, एकवचनी द्यावं लागतं. रूढी म्हणजे चालू असलेला वाद होता हे न्यायालयाच्या कागदावर कुठे लिहायचं? आणखी एक. सिविंधेतली परकी बाई कुळाची नावं शिकवत होती. उतारावर म्हातारीच्या शब्दावर जमिनीचा निकाल झाला होता. या खटल्यात मात्र बाहेरच्या घरून आलेली, वीसहून अधिक वर्षं संसार केलेली बायको कुळाबद्दल बोलायला अपात्र ठरत जाते. हा लुओ रूढीचा विजय झाला असं त्या वेळी पुष्कळांनी लिहिलं. माझ्या मते त्या रूढीचा अर्धा भाग त्या खोलीत हजरच नव्हता.

न्यायमूर्ती बोसिरे यांनी निकाल कुळाच्या बाजूने दिला. १५ मे रोजी अपील न्यायालयाने तो कायम केला. २३ मे १९८७ रोजी, मृत्यूनंतर १५४ दिवसांनी, ओटिएनो यांना न्यालगुंगात पुरण्यात आलं. वांबुई दफनाला गेल्या नाहीत.